ग्राफिक्स कार्ड व्हीएमला द्यायचंय, पण ग्रुप सोडत नाही (एपिसोडचा लिखित मजकूर)

(बोलताना येणारे 'म्हणजे', 'तर मग' थोडे कमी केलेत, बाकी एपिसोड जसा आहे तसाच. शोधायला सोपं जावं म्हणून मध्ये वेळ आणि मथळे दिलेत. कमांड ऐकून टाइप करणाऱ्यांसाठी त्या बोलतो तशाच लिहिल्यात.)

०:०० स्टार्ट दाबलं आणि कीबोर्ड गेला

आज आधी माझी फजिती सांगतो, मग विषयाला हात घालतो.

माझ्याकडे घरी एकच पीसी आहे, त्यावर लिनक्स. विंडोज लागतं ते दोनच कामांसाठी: मित्रांबरोबर गेम खेळायला, आणि एक सॉफ्टवेअर आहे जे लिनक्सवर चालतच नाही. दर वेळी रीस्टार्ट करायचा कंटाळा यायचा. म्हणून ठरवलं, लिनक्सच्या आतच विंडोजचं व्हर्च्युअल मशीन बनवायचं, म्हणजे व्हीएम, आणि मोठं ग्राफिक्स कार्ड थेट त्या व्हीएमच्या हातात द्यायचं. यालाच पासथ्रू म्हणतात.

एका व्हिडिओत दाखवलं होतं तसं केलं. वरच्या स्लॉटमध्ये होस्टसाठी छोटं कार्ड, खालच्या स्लॉटमध्ये व्हीएमसाठी मोठं. व्हीएम सुरू करायला गेलो तर एरर आला: 'ग्रुप इज नॉट व्हायेबल, त्या ग्रुपमधली सगळी उपकरणं व्हीएफआयओ ड्रायव्हरला बांधा.' मी म्हटलं, सगळी म्हणतोय ना, मग सगळी देतो! यादीत ज्या ज्या उपकरणाचा तो ग्रुप नंबर होता, ती सगळी व्हीएमला जोडली. यादी नीट वाचलीच नाही. वर 'बूट होताना आपोआप सुरू कर' यावरही टिक केलं.

स्टार्ट दाबलं. कीबोर्ड गेला, माउस गेला, नेट गेलं, आणि सगळा घरचा डेटा असलेली हार्ड डिस्क चालू असतानाच सिस्टिममधून गायब झाली. त्या डिस्कवर ताईच्या लग्नाचे सगळे फोटो. कॉपी? 'या रविवारी करतो' म्हणत सहा महिने झाले होते.

झालं असं होतं की त्या ग्रुपमध्ये कार्डाबरोबर यूएसबी कंट्रोलर, लॅन आणि साटा कंट्रोलरही होता. मी तिन्ही काढून विंडोजला दिले. आणि ऑटोस्टार्ट असल्यामुळे रीस्टार्ट केलं तरी पुन्हा तेच.

डिस्कचं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी हा ग्रुप म्हणजे काय प्रकार आहे ते बघू. तो कळला की या विषयातल्या निम्म्याहून जास्त अडचणी आपोआप सुटतात.

२:१० कार्ड स्वतःच मेमरीत लिहितं

साध्या व्हीएममध्ये सगळं हार्डवेअर नकली असतं. नकली डिस्क, नकली नेटवर्क कार्ड, नकली डिस्प्ले. व्हीएमला वाटतं खरं आहे, पण मागे होस्टवरचा प्रोग्रॅम नाटक करत असतो. सुरक्षित असतं, पण गेमसाठी हळू.

पासथ्रूमध्ये नाटक बंद. खरं कार्ड, त्याचे खरे रजिस्टर, सगळं गेस्टच्या ताब्यात. गेस्टमधला ड्रायव्हर कार्डाशी थेट बोलतो.

आता यात धोका कुठे आहे? ग्राफिक्स कार्ड, लॅन, साटा कंट्रोलर ही उपकरणं प्रोसेसरला मध्ये न घेता स्वतःच रॅममध्ये वाचतात आणि लिहितात. याला डीएमए म्हणतात, डायरेक्ट मेमरी ॲक्सेस. ड्रायव्हर फक्त पत्ता सांगतो, 'अमुक पत्त्यावर डेटा ठेव', आणि कार्ड ठेवून मोकळं होतं.

पण गेस्टला माहीत असलेला पत्ता खोटा आहे. गेस्टला वाटतं आपली मेमरी शून्यापासून सुरू होते. खऱ्या रॅममध्ये त्या पत्त्यावर होस्टचा कर्नल बसलेला असू शकतो. कार्डाने त्या पत्त्यावर जसंच्या तसं लिहिलं तर होस्ट कोसळेल. आणि गेस्टमध्ये कुणी वाईट हेतूचं सॉफ्टवेअर चालवत असेल, तर ते कार्डाकरवी होस्टची पूर्ण मेमरी वाचू शकेल.

म्हणून मध्ये एक हार्डवेअर बसवलंय, आयओएमएमयू. इंटेलमध्ये त्याचं नाव व्हीटी-डी, एएमडीमध्ये एएमडी-व्हीआय. ते प्रत्येक उपकरणाचा प्रत्येक पत्ता तपासतं, गेस्टच्या पत्त्याचं खऱ्या पत्त्यात भाषांतर करतं, आणि जिथे परवानगी नाही तिथे अडवतं. लिनक्समध्ये यावर उभी असलेली जी व्यवस्था आहे तिचं नाव व्हीएफआयओ. ती २०१२ साली कर्नल ३.६ मध्ये आली.

४:२० वाड्यातलं मधलं दार

आता ग्रुप. यासाठी जुना वाडा डोळ्यासमोर आणा.

वाड्याला एक दिंडी दरवाजा, तिथे राखणदार. आत भाडेकरूंची बिऱ्हाडं. कुणीही बाहेर जाताना किंवा मालकाच्या घरात जाताना दिंडीवरून जातो, राखणदार विचारतो, वहीत लिहितो. हा राखणदार म्हणजे आयओएमएमयू.

पण दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एक दार आहे, त्याला कडीच नाही. या खोलीतून त्या खोलीत जायला दिंडीपर्यंत जावंच लागत नाही. राखणदाराला पत्ताच लागत नाही. आता मालकाने यातली एक खोली अनोळखी माणसाला भाड्याने दिली आणि दुसरीत स्वतःची तिजोरी ठेवली, तर काय होईल?

पीसीआय एक्सप्रेसमध्ये असं मधलं दार खरंच असतं. एकाच ब्रिज किंवा स्विचच्या मागे दोन उपकरणं असतील, आणि एकाने पाठवलेला पत्ता दुसऱ्याच्या हद्दीतला असेल, तर तो स्विच माल परस्पर पोचवू शकतो, वर आयओएमएमयूपर्यंत न नेता. हे थांबवण्यासाठी एक सोय आहे, एसीएस, ॲक्सेस कंट्रोल सर्व्हिसेस. एसीएस म्हणजे मधल्या दाराची कडी. ती असेल तर स्विच म्हणतो, 'शेजारी जायचंय? आधी वर दिंडीपर्यंत जा, राखणदाराला विचार, मग ये.'

लिनक्स बूट होताना प्रत्येक उपकरणापासून वरपर्यंतचा रस्ता तपासतो. वाटेतल्या प्रत्येक पोर्टवर एसीएस आहे का? असेल तर त्या उपकरणाला स्वतंत्र ग्रुप. नसेल तर, ज्यांच्यात मधलं दार उघडं राहू शकतं ती सगळी उपकरणं एका ग्रुपमध्ये. आणि व्हीएफआयओचा नियम असा, की ग्रुप अर्धा देता येत नाही. त्यातलं एक उपकरण व्हीएमकडे आणि दुसरं होस्टच्या ड्रायव्हरकडे, हे चालणार नाही.

म्हणजे ग्रुप ही कर्नलची आडमुठी अट नाहीये मंडळी. तुमच्या मदरबोर्डवर कुठल्या खोल्यांमध्ये दार उघडं आहे, याची ती यादी आहे. मी एरर वाचला, यादी वाचली नाही. तिथेच चुकलो.

६:४० आणि हे तुमच्या फोनमध्येही आहे

तुमच्यातले बहुतेक जण हा एपिसोड फोनवर ऐकताय. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे तर डेस्कटॉपच नाही, आम्हाला काय त्याचं?

फोनमध्येही वायफायची चिप, मोडेम, कॅमेरा, जीपीयू हे सगळे मेमरीत स्वतः लिहितात. आर्मच्या जगात राखणदाराचं नाव एसएमएमयू आहे, आणि आयफोनमध्ये ॲपलचा स्वतःचा आहे, त्याला डार्ट म्हणतात. काम तेच.

२०१७ मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झिरो टीममधल्या गॅल बेनिआमिनी यांनी दाखवलं होतं, की ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपवर हवेतूनच, जवळपास राहून ताबा मिळवता येतो. आणि पुढची पायरी जास्त गंभीर होती: काही फोनमध्ये वायफाय चिप आणि मुख्य मेमरीच्या मध्ये असा राखणदार कामाला लावलेलाच नव्हता. त्यामुळे चिप ताब्यात आली की तिथून फोनच्या मेमरीपर्यंत रस्ता मोकळा.

आणि अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, काही फोनमध्ये अँड्रॉइड स्वतःच संरक्षित व्हीएम चालवू शकतो. तेव्हा हा विषय फक्त गेमिंग पीसीवाल्यांचा राहिलेला नाही.

चला, आता पीसीकडे परत. अडचण आली तर कुठून सुरुवात करायची, ते क्रमाने सांगतो.

८:१० पहिली पायरी: राखणदार कामावर आहे का?

टर्मिनल उघडा आणि हा फोल्डर बघा: स्लॅश सिस, स्लॅश कर्नल, स्लॅश आयओएमएमयू अंडरस्कोर ग्रुप्स. आत नंबरांचे फोल्डर दिसले तर आयओएमएमयू चालू आहे. फोल्डर रिकामा असेल तर पुढचं काहीही करू नका, आधी हे सोडवा.

रिकामा असण्याची कारणं बहुतेक वेळा दोनच असतात.

एक, बायोस. इथे फार लोक फसतात, कारण बायोसमध्ये दोन वेगळे स्विच असतात. व्हीटी-एक्स किंवा एसव्हीएम म्हणजे प्रोसेसरचं व्हर्च्युअलायझेशन. त्यावर साधे व्हीएम चालतात. व्हीटी-डी किंवा नुसतं 'आयओएमएमयू' असं लिहिलेला स्विच वेगळा. साधा व्हीएम छान चालतोय म्हणजे दुसरा स्विचही चालू आहे, असं समजू नका. आणि तिथे 'ऑटो' लिहिलं असेल तर सरळ 'एनेबल्ड' करा. ऑटोचा अर्थ प्रत्येक बोर्ड आपापला लावतो.

दोन, कर्नलची ओळ. इंटेल असेल तर बूटच्या ओळीत 'इंटेल अंडरस्कोर आयओएमएमयू इज इक्वल टू ऑन' लिहा. काही डिस्ट्रोमध्ये ते आधीच चालू असतं, पण लिहिल्याने बिघडत नाही. एएमडीमध्ये बायोसमध्ये चालू असेल तर कर्नल स्वतःहून चालू करतो. मग डीमेसेजमध्ये, म्हणजे डी एम ई एस जी कमांडमध्ये, इंटेलसाठी 'डीएमएआर' आणि एएमडीसाठी 'एएमडी-व्हीआय' हा शब्द शोधा.

आणखी एक. 'आयओएमएमयू इज इक्वल टू पीटी' हा पर्याय बऱ्याच गाइडमध्ये असतो. तो होस्टच्या स्वतःच्या उपकरणांचा वेग राखायला आहे. त्याने ग्रुप बदलत नाहीत. तो टाकून ग्रुप तुटायची वाट बघत बसू नका.

१०:०० दुसरी पायरी: यादी वाचा, खरंच वाचा

त्या फोल्डरात प्रत्येक नंबराच्या आत 'डिव्हायसेस' नावाचा फोल्डर आहे. त्यात उपकरणांचे पत्ते आहेत, उदाहरणार्थ ०१:००.० आणि ०१:००.१. कुठला पत्ता कशाचा हे बघायला कमांड: एल एस पी सी आय, स्पेस, डॅश एन एन के. यात उपकरणाचं नाव, कंसात त्याचा आयडी, आणि सध्या कुठला ड्रायव्हर धरून बसलाय ते, सगळं दिसतं.

आता तुमच्या कार्डाच्या ग्रुपमधलं एकेक उपकरण कागदावर लिहा. हो, कागदावर. आणि प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा मारा.

पहिला शेरा, 'कार्डाचंच अंग'. ग्राफिक्स कार्ड एकटं नसतं. ०१:००.० हे चित्र, ०१:००.१ हा एचडीएमआयचा आवाज. काही कार्डांवर यूएसबी-सी पोर्ट असतो, त्याची आणखी दोन अंगं दिसतात. ही सगळी कार्डाबरोबरच द्यायची. यात काही वावगं नाही.

दुसरा शेरा, 'रस्ता'. पीसीआय ब्रिज किंवा रूट पोर्ट दिसेल, त्याचा ड्रायव्हर 'पीसीआयई पोर्ट' असेल. तो व्हीएमला द्यायचा नसतो, आणि त्याच्यामुळे ग्रुप अडतही नाही. त्याला हात लावू नका.

तिसरा शेरा, 'परका'. साटा, लॅन, यूएसबी, एनव्हीएमई, वायफाय. इथे थांबा. प्रत्येक परक्यासाठी स्वतःला विचारा: हे गेलं तर होस्टचं काय होईल? माझ्या कागदावर तीन परके असते, आणि मी स्टार्ट दाबायच्या आधीच थांबलो असतो.

१२:०० तिसरी पायरी: परका नाही, तरी 'नॉट व्हायेबल'?

ग्रुपमध्ये फक्त कार्डाचीच अंगं आहेत आणि तरीही एरर येतोय, तर बहुतेक वेळा एखादं अंग होस्टच्या ड्रायव्हरने पकडून ठेवलेलं असतं. सर्वांत जास्त वेळा एचडीएमआयचा आवाज. चित्राचा भाग आपण व्हीएफआयओला बांधतो आणि आवाज 'एसएनडी एचडीए इंटेल' नावाच्या ड्रायव्हरकडे राहतो. नावावर जाऊ नका, एनव्हिडिया आणि एएमडीच्या कार्डांचा आवाजही तोच ड्रायव्हर सांभाळतो. दोन्ही आयडी व्हीएफआयओ-पीसीआयला सांगा, आणि तो इनिटरॅमएफएसमधून लवकर लोड होईल असं करा, म्हणजे बाकीचे ड्रायव्हर यायच्या आत तो जागा धरतो.

एक सापळा सांगतो. आयडी म्हणजे मॉडेलचा नंबर. एकसारखी दोन कार्डं असतील तर आयडीही एकच. तुम्ही एक द्यायला जाल आणि दोन्ही जातील, होस्टची स्क्रीन काळी. अशा वेळी आयडीने नाही, पत्त्याने बांधायचं. त्यासाठी त्या उपकरणाच्या फोल्डरात 'ड्रायव्हर ओव्हरराइड' नावाची फाइल असते, तिच्यात व्हीएफआयओ-पीसीआय लिहायचं.

आणि हे सगळं करताना आयडी आधी बूटच्या ओळीत लिहून बघा. चुकलं तर ग्रबमध्ये 'ई' दाबून ती ओळ त्या एका बूटपुरती खोडता येते. सगळं नीट चाललं की मग कायमच्या फाइलमध्ये न्या.

१३:५० चौथी पायरी: परका आहे, मग जागा बदला

इथे स्क्रू ड्रायव्हर लागतो. मदरबोर्डवरचे स्लॉट दिसायला सारखे असतात, पण रस्ते वेगळे. सर्वसाधारण डेस्कटॉप बोर्डावर सर्वांत वरचा लांब स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. खालचा लांब स्लॉट बऱ्याचदा चिपसेटमधून जातो, आणि त्याच चिपसेटवर साटा, लॅन, यूएसबी लटकलेले असतात. कमी आणि मध्यम किमतीच्या पुष्कळ बोर्डांवर चिपसेटच्या मागचं अख्खं कुटुंब एकाच ग्रुपमध्ये दिसतं. माझं तेच झालं होतं.

उपाय सोपा निघाला. माझ्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स आहे. होस्टला काय, डेस्कटॉप दाखवायचा. मी छोटं कार्ड काढूनच टाकलं, मोठं वरच्या स्लॉटमध्ये बसवलं, मॉनिटरची एक केबल मदरबोर्डला लावली, आणि बायोसमध्ये पहिला डिस्प्ले प्रोसेसरचा ठेवला. ग्रुपमध्ये उरलं फक्त कार्ड, त्याचा आवाज आणि रूट पोर्ट. पंधरा मिनिटांचं काम.

पण एक सांगायला हवं: कार्ड हलवलं की पीसीआयचे पत्ते बदलू शकतात. लॅनचं नाव पत्त्यावरून पडतं, त्यामुळे काल 'ईएनपी ४ एस ०' असलेलं आज 'ईएनपी ५ एस ०' होतं आणि नेट बंद. लॅन खराब झालेलं नसतं, नेटवर्कच्या सेटिंगमधलं नाव जुनं राहिलेलं असतं. व्हीएमच्या सेटिंगमध्ये पण जुना पत्ता असेल, आणि त्या पत्त्यावर आता दुसरंच काही बसलेलं असू शकतं. म्हणून कार्ड हलवण्याआधी व्हीएमचा ऑटोस्टार्ट बंद करा, आणि नंतर यादी नव्याने काढा.

स्लॉट बदलता येत नसेल तर बायोस अपडेट बघा. नव्या आवृत्तीत ग्रुप बदललेले असू शकतात, कधी चांगल्यासाठी, कधी वाईटासाठी. काही बायोसमध्ये 'एसीएस एनेबल' हा पर्यायच दडलेला असतो, आणि काहींत तो दिसायला आधी 'एईआर' नावाचा पर्याय चालू करावा लागतो.

आणि कधीकधी उत्तर असतं, की पासथ्रू नकोच. गेस्टला फक्त पेनड्राइव्ह किंवा कंट्रोलर द्यायचाय? मग यूएसबीचं ते एकच उपकरण देता येतं, पूर्ण कंट्रोलर नाही, आणि त्याला आयओएमएमयू लागत नाही. फक्त चांगलं नेट हवंय? व्हर्टआयओचं नकली नेटवर्क कार्ड घरच्या कामाला भरपूर आहे.

१६:१० 'एक ओळ टाक, सगळं सुटेल'

आता सर्वांत जास्त विचारला जाणारा भाग. शोधायला गेलात की लगेच सल्ला मिळतो: एसीएस ओव्हरराइड टाक. कर्नलच्या ओळीत एक पर्याय, आणि सकाळी एकत्र असलेले ग्रुप संध्याकाळी सुटे. खरंय, सुटे दिसतात.

हा पॅच लिहिला व्हीएफआयओचे मेंटेनर ॲलेक्स विल्यमसन यांनीच, २०१३ मध्ये. तो मुख्य लिनक्स कर्नलमध्ये घेतला गेला नाही. प्रॉक्समॉक्ससारख्या काही सिस्टिम तो आपल्या कर्नलमध्ये देतात, म्हणून तिथे तो एका ओळीवर असतो.

तो करतो काय? मधल्या दाराला कडी बसवत नाही. कर्नलला सांगतो, 'कडी आहे असं समज.' दार जसं होतं तसंच उघडं. यादी बदलली, वाडा नाही बदलला.

माझ्या बाबतीत याचा अर्थ काय झाला असता ते बघा. विंडोजकडे कार्ड, होस्टकडे साटा कंट्रोलर, दोघंही एकाच चिपसेटच्या मागे. गेस्टने कार्डाला एखादा पत्ता सांगितला आणि तो योगायोगाने साटा कंट्रोलरच्या हद्दीत पडला, तर चिपसेट तो माल परस्पर तिकडे नेऊ शकतो. राखणदाराला कळणारच नाही. वाईट हेतू असायलाच हवा असंही नाही, नुसत्या पत्त्यांच्या गोंधळानेही डेटा भलतीकडे जाऊ शकतो. आणि वाईट हेतू असेल तर काय, हे वेगळं सांगायला नको. त्या व्हीएममध्ये मी कुठून कुठून आणलेले गेमचे मॉड चालवणार होतो, आणि त्या दाराच्या पलीकडे ताईच्या लग्नाचे फोटो.

मग कधीच वापरू नये का? माझं मत असं: प्रयोगाचा पीसी आहे, गेस्टमध्ये तुमचंच विश्वासाचं सॉफ्टवेअर आहे, डेटाची कॉपी दुसरीकडे आहे, आणि काय सोडतोय हे तुम्हाला माहीत आहे, तर तुमचा पीसी, तुमची मर्जी. पण व्हीएम दुसऱ्या कुणाला वापरायला देणार असाल, ऑफिसचं काम असेल किंवा अनोळखी सॉफ्टवेअर डांबून ठेवायलाच व्हीएम बनवत असाल, तर नको. ज्या भिंतीसाठी व्हीएम बनवला तीच भिंत आपण पाडतोय.

आणि एक बारीक गोष्ट. काही हार्डवेअरमध्ये एसीएसची नोंद नसते, पण प्रत्यक्षात ते माल परस्पर नेत नाही. अशांसाठी कर्नलमध्ये वेगळी यादी आहे. कंपनीने खात्री दिली की ते उपकरण त्या यादीत जातं, आणि नव्या कर्नलमध्ये ग्रुप आपोआप सुटतात. म्हणून ओव्हरराइडच्या आधी एकदा नवा कर्नल लावून बघा. तिथे कुणीतरी कडी तपासलेली असते.

१८:३० ग्रुप ठीक आहे, तरी चालत नाही

हे पटकन सांगतो, कारण लोक इथेही ग्रुपलाच दोष देतात.

डीमेसेजमध्ये 'बार, कान्ट रिझर्व्ह' असं काही दिसलं, तर होस्टने बूट होताना त्या कार्डावर स्क्रीन दाखवलीय आणि ते अजून सोडलेलं नाही. पहिला डिस्प्ले दुसरीकडे वळवा.

व्हीएम एकदा चालतो, बंद करून पुन्हा चालू केला की अडकतो. हा कार्डाच्या रीसेटचा प्रश्न. एएमडीच्या काही पिढ्यांमध्ये तो प्रसिद्ध आहे. ग्रुपशी संबंध नाही.

विंडोजमध्ये एनव्हिडियाचा 'कोड ४३' आला, तर आधी ड्रायव्हर नवा टाका. २०२१ पासून एनव्हिडियाने जीफोर्स कार्डांसाठी व्हीएममधली ती अडवणूक काढली आहे.

व्हीएम चालू होताच होस्टची रॅम संपली, तर तेही साहजिक आहे. पासथ्रू असलेल्या व्हीएमची सगळी रॅम सुरुवातीलाच अडकवून ठेवावी लागते, कारण कार्ड कधी कुठे लिहील याचा नेम नाही. सोळापैकी बारा जीबी गेस्टला दिलीत तर होस्टला चारच उरली.

२०:०० डिस्कचं काय झालं

तर त्या रात्री. कीबोर्ड नाही, नेट नाही, रीस्टार्ट केलं की व्हीएम पुन्हा सगळं ओढून घेतोय. सुटका अशी झाली: ग्रबच्या स्क्रीनवर कीबोर्ड चालतो, कारण तिथपर्यंत लिनक्स आलेलाच नसतो. तिथे 'ई' दाबलं आणि कर्नलच्या ओळीत आयओएमएमयू बंद करायचा पर्याय टाकला, 'एएमडी अंडरस्कोर आयओएमएमयू इज इक्वल टू ऑफ'. इंटेलवाल्यांनी एएमडीच्या जागी इंटेल म्हणायचं. राखणदारच नाही म्हटल्यावर व्हीएफआयओ व्हीएम सुरू करायला नकार देतो, आणि होस्ट सगळं हार्डवेअर घेऊन शहाण्यासारखा बूट होतो. हे लिहून ठेवा. कधीतरी रात्री दोन वाजता लागेल.

डिस्क चालू असताना ओढली गेली होती, त्यामुळे ती माउंट न करता आधी एफएससीके चालवलं. ती टक्केवारी बघत बसलो, चहाही घशाखाली उतरेना. फोटो वाचले. काही अर्धवट कॉपी झालेल्या फाइल गेल्या, पण त्या डाउनलोड होत्या, पुन्हा आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम केलं ते डिस्कची कॉपी. कार्ड वरच्या स्लॉटमध्ये त्यानंतर गेलं.

तुमच्याकडे अशी काही अडलेली गोष्ट असेल तर आम्हाला पाठवा, पण नुसता एररचा स्क्रीनशॉट नको. त्या ग्रुपमधल्या सगळ्या उपकरणांची यादी पाठवा, प्रत्येकापुढे तुमचा शेरा मारून. बऱ्याच जणांना शेरे मारतानाच उत्तर सापडेल.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि कॉपी रविवारी नाही, आज करा.